टोकियोतले तऱ्हेवाईक बार: दहा बाय दहाच्या खोलीचं गणित

टोकियोच्या शिंजुकू भागात गोल्डन गाई नावाची बारची वस्ती आहे. तिथले गाळे त्सुबोत मोजतात. एक त्सुबो म्हणजे साधारण 3.3 चौरस मीटर. हे गाळे मुळात तीन किंवा साडेचार त्सुबोंचे, म्हणजे आपल्या हिशेबाने 107 किंवा 160 चौरस फुटांचे. लालबाग-परळची दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा. तिच्या लांबीला एक लाकडी काउंटर टाका. आत एक माणूस, त्याच्या पाठीशी बाटल्यांची फडताळं, बाहेरच्या बाजूला सहा-सात उंच स्टुलं. स्टुलावर बसलं की पाठ भिंतीला टेकते. कोपऱ्यातल्या माणसाला उठायचं असेल तर अख्ख्या ओळीने पोट आत घ्यायचं. वरच्या मजल्यावर तसाच दुसरा बार, वेगळ्या मालकाचा, आणि तिथे जायला जवळजवळ शिडीच म्हणावी असा जिना. सहा गल्ल्यांत असे दोनशेहून जास्त बार आहेत.

टोकियोत इतके चमत्कारिक बार का, याचं उत्तर या मापातच आहे. शंभर खुर्च्यांच्या बारला शंभर जणांना आवडेल असंच काहीतरी करावं लागतं. सात स्टुलांच्या बारला तीस-चाळीस नेहमीची गिऱ्हाइकं मिळाली की भाडं निघतं. मग मालकाला भुताखेतांचे सिनेमे आवडोत, रेल्वे आवडो की पंक संगीत, तो स्वतःचा नाद भिंतीला टांगतो आणि त्याच नादाची माणसं त्याला शोधत येतात. थीम आधी ठरवून सजावट केलेली नसते. छंद आधीपासून होता, बार मागाहून आला.

उलट उदाहरणही शेजारीच होतं. काबुकिचोतलं रोबोट रेस्टॉरंट 2012 साली उघडलं. झगमगाट, यंत्रमानव, ढोल आणि खचाखच पर्यटक. महामारीत पर्यटक थांबले आणि ते बंद पडलं. थीम जितकी मोठी, तितकी ती बाहेरून येणाऱ्या गर्दीवर अवलंबून. म्हणून पहिला सल्ला हा: टोकियोत थीम बार शोधताना जाहिरात किती मोठी आहे ते बघू नका, स्टुलं मोजा.

या गल्ल्या टिकल्या कशा

महायुद्धानंतर शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेला काळा बाजार भरायचा. 1950च्या आसपास तो तिथून हलवला आणि विक्रेते हानाझोनो देवळाच्या मागच्या जागेत आले. 1958 साली वेश्याव्यवसायविरोधी कायदा पूर्णपणे लागू होईपर्यंत इथे तो धंदा परवान्याशिवाय चालायचा. वरच्या मजल्यांवरच्या चिमुकल्या खोल्या त्या काळाच्या. नंतर तेच गाळे बार झाले आणि लेखक, नाटकवाले, सिनेमावाले तिथे पडीक राहू लागले. 1980च्या दशकात जमिनीचे भाव भडकले, तेव्हा सगळा पट्टा गोळा करून टॉवर उभारायला टपलेले दलाल आले. संशयास्पद आगी लागल्या आणि बारवाल्यांनी पाळ्या लावून रात्रीची गस्त घातली. एप्रिल 2016 मध्येही एक आग लागून काही बार जळाले. सगळं बांधकाम जुनं, लाकडी आणि खेटून आहे. गल्लीत सिगारेट ओढू नका, या सूचनेमागे हा इतिहास आहे.

चार्ज नावाची भानगड

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वाद इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक छोट्या बारमध्ये बसण्याचे वेगळे पैसे लागतात. पाटीवर त्याला चार्ज म्हणतील, सेकिर्यो म्हणतील, नाहीतर ओतोशी. पहिले दोन म्हणजे सरळ जागेचं भाडं. ओतोशी म्हणजे न मागता समोर येणारी वाटी: शिजवलेली भाजी, बटाट्याचं सॅलड, कधी नुसते शेंगदाणे. ती वाटी परत केली म्हणून पैसे कमी होत नाहीत, कारण ते पैसे वाटीचे नसतातच. गोल्डन गाईत हा आकडा माणशी 500 ते 1,500 येनच्या दरम्यान असतो. 100 येनचे सध्या ढोबळमानाने 55 ते 60 रुपये धरा.

यात फसवणूक नाही, साधा हिशेब आहे. सात स्टुलं. एकाने 800 येनचा एक ग्लास घेऊन तीन तास काढले तर त्या स्टुलाची संध्याकाळ 800 येनमध्ये संपली. चार्जमुळे ते नुकसान भरून निघतं. त्याच कारणाने दुसरा अलिखित नियम आहे: बसणाऱ्या प्रत्येकाने निदान एक पेय घ्यायचं. 'आम्ही दोघं एकात' हे चालत नाही. न पिणाऱ्याने ऊलाँग चहा किंवा जिंजर एल मागवावं, त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

एका बारचं बिल मांडून बघू. चार्ज 1,000, हायबॉल (व्हिस्की-सोडा) 800, त्यावर 10 टक्के उपभोग कर, एकूण 1,980 येन. पाटीवरच्या किमतीत कर धरलेला आहे की नाही तेही बघा. एका रात्रीत चार बार करायचे तर आठ हजार येन बाजूला ठेवा, आणि त्यातले निदान अर्धे हजारांच्या नोटांत. कार्ड घेणारे बार वाढलेत, पण न घेणारे अजून बरेच आहेत. 1,980च्या बिलाला दहा हजारांची नोट दिली की मालकाची सुट्ट्यांसाठी शोधाशोध सुरू होते. टिप द्यायची नाही. काउंटरवर पैसे ठेवून निघालात तर 'विसरलात' म्हणून गल्लीत मागे धावत येतील.

चार्ज न घेणारे बारही आहेत आणि तसं ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहितात. पहिल्या रात्री अशाच एखाद्या ठिकाणापासून सुरुवात करा, डोळे आणि कान तयार होतात.

दार कसं उघडायचं

दारं बहुधा बंद असतात आणि आत काय आहे ते दिसत नाही. त्यामुळे दारावरची पाटी वाचणं हे पहिलं काम. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. 'काईइन-सेई' लिहिलं असेल तर तो बार फक्त सभासदांचा, वळा. चार्जचा आकडा इंग्रजीत लिहिलेला असेल तर परक्या माणसाचं स्वागत आहे असं समजा. काहीच लिहिलं नसेल तर दार अर्धं उघडा, आत पाऊल न टाकता दोन बोटं दाखवा आणि 'फुतारि देस, ईई देस का' म्हणा: दोघं आहोत, चालेल का. हाताची फुली दिसली किंवा 'मानसेकि' ऐकू आलं तर जागा नाही. काही वेळा जागा दिसत असूनही नकार येतो. ती दोन स्टुलं नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेली असतात. हुज्जत घालू नका, शेजारी आणखी दोनशे दारं आहेत.

माणसं दोन असावीत, तीन म्हणजे कमाल. चौघं आत गेले की बारचा निम्म्याहून जास्त भाग त्यांचा होतो आणि उरलेल्यांना त्यांची भाषा ऐकत बसावं लागतं. सहा-आठ जणांच्या टोळक्याने जोड्या पाडाव्यात, तासाभराने देवळाच्या पायऱ्यांशी भेटावं आणि पुन्हा फुटावं. एका बारमध्ये पाऊण ते एक तास पुरे. बाहेर कुणी डोकावतंय आणि तुमचा ग्लास रिकामा आहे, तर एकच अर्थ: मागवा किंवा उठा.

पाठीवरची मोठी पिशवी आणू नका. स्टेशनातल्या लॉकरमध्ये ठेवा, कारण इथे ती ठेवायला जमीनच नाही. काउंटरखाली आकडे असतात, त्यांना छोटी पिशवी अडकवायची. वरच्या मजल्यावरच्या बारमधून उतरताना, विशेषतः तिसऱ्या ग्लासानंतर, जिन्याकडे तोंड करून उतरा. घसरणारे बहुतेक उतरतानाच घसरतात.

बसल्यावर गरम किंवा थंड ओला रुमाल मिळतो. तो हातांसाठी, मानेसाठी नाही. आतला माणूस मास्टर, बाई असेल तर मामा. हो, मामाच. 'मामा, एक हायबॉल' असं एखाद्या मालकीणबाईंना म्हणताना मराठी जिभेला अवघडल्यासारखं होतं खरं, पण तेच बरोबर आहे. गप्पा जमल्या तर 'मास्टरलाही एक' म्हणायची पद्धत आहे. तो ग्लास तुमच्या बिलात येतो, हे ठाऊक असू द्या. निघताना 'ओकाइकेई ओनेगाइ शिमास', किंवा दोन्ही तर्जन्यांची फुली.

फोटो आधी विचारून. गल्ल्यांमध्येही परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये अशा पाट्या आहेत. बारमध्ये तर शेजारचा माणूस कुणाला न सांगता आलेला असू शकतो.

धुराचं तेवढं लक्षात घ्या. एप्रिल 2020 पासून जपानात उपाहारगृहांत धूम्रपानावर बंदी आली, पण टोकियोच्या नियमानुसार जिथे नोकर नाहीत अशा छोट्या जागेला सूट मिळू शकते. गोल्डन गाईत मालक एकटाच असतो, म्हणून कित्येक बार त्या सवलतीत बसतात. दारावर धूम्रपानाला परवानगीची खूण दिसली आणि दम्याचा त्रास असेल तर पुढे चला. शंभर चौरस फुटांत तीन सिगारेटी म्हणजे पुष्कळ होतात.

ग्लासात काय

हायबॉल सगळीकडे मिळतो आणि तोच रात्रभर झेपतो. सर्वसाधारण प्रमाण व्हिस्की एक भाग, सोडा चार भाग: 30 मिलिला 120. बर्फ ग्लासभर, ढवळणं एकदाच, कारण जास्त ढवळलं की सोड्याचा वायू उडतो. शोचू हे बार्ली, रताळं किंवा तांदळाचं ऊर्ध्वपातित मद्य. पाण्यातून हवं तर मिझुवारी, गरम पाण्यातून हवं तर ओयुवारी. रताळ्याच्या शोचूला मातकट वास असतो, गरम पाण्यात तो दुप्पट होतो. पहिल्यांदाच घेत असाल तर बार्लीची मागा, 'मुगि' म्हणा.

एक शब्द फसवतो. जपानात चेसर म्हणजे दारूसोबतचं साधं पाणी. प्रत्येक ग्लासाबरोबर मागा, फुकट असतं.

शाकाहारी मंडळींनी ओतोशीकडून फार आशा ठेवू नये. निव्वळ भाजी दिसणाऱ्या वाटीतही बहुधा दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. 'निकु तो साकाना, दामे देस' म्हटलं तर मांस आणि मासे टळतात, पण दाशी पुष्कळांच्या लेखी मासा नाहीच. एदामामे, म्हणजे मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, नाहीतर सुकामेवा मागणं सुरक्षित. आधी पोटभर जेवून निघा. रिकाम्या पोटी चार बार हा कुठल्याही देशात मूर्खपणाच.

दारूचं किमान वय 20 आहे. विद्यार्थी दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा.

कुठे काय

गोल्डन गाईतच डेथमॅच इन हेल नावाचा बार आहे. मालकाचा नाद भयपट आणि हेवी मेटल. भिंती, छत, कपाटं, सगळीकडे मुखवटे आणि पोस्टरं, पडद्यावर रक्तरंजित काहीतरी चालू. पेयांची किंमत सरसकट 666 येन ठेवल्याबद्दल हा बार प्रसिद्ध झाला. सैतानाचा आकडा दरपत्रकात बसवणं हीच खरी थीम, पोस्टरं कुणीही लावेल.

त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा ला जेते. क्रिस मार्करच्या 1962च्या फ्रेंच लघुपटाचं नाव घेऊन 1974 साली सुरू झालेला. जगभरचे दिग्दर्शक टोकियोत आले की इथे डोकावतात. इथे नेहमीच्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेली बाटली त्याच्या नावाने फडताळात राहते. बाटली ठेवण्याची ही पद्धत जपानभर आहे. पुढच्या खेपेला फक्त चार्ज, बर्फ आणि पाणी यांचे पैसे. वर्षातून दोनदा टोकियोला कामानिमित्त जाणाऱ्याला हे परवडतं, फक्त किती महिने बाटली सांभाळतात ते विचारून घ्यायचं. मुदत संपली की ती ओततात किंवा पिऊन टाकतात.

शिंजुकूहून मारुनोउची मार्गिकेने तिसरं स्टेशन योत्सुया-सानचोमे. तिथून चालत आराकिचोत जायचं, तिथे दुसऱ्या मजल्यावर व्हाउझ बार: बौद्ध भिक्षू चालवतात तो. 'बोझु' म्हणजे भिक्षू, त्यावरून हे नाव. भिक्षू आणि दारू, हे कसं? 1872 साली मेइजी सरकारने हुकूम काढून भिक्षूंचं मांस खाणं, लग्न करणं यावरची सरकारी बंदी उठवली. तेव्हापासून जपानी भिक्षू संसारी असणं सर्रास आहे. दारूसाठी तर मठांत फार जुना सांकेतिक शब्द होता, हान्न्यातो, म्हणजे प्रज्ञेचं गरम पाणी. हान्न्या हा आपला प्रज्ञा शब्दच, चीनमार्गे फिरून आलेला.

कॉकटेलांची नावं सुखावती स्वर्गावरून आणि अवीची नरकावरून. समोर छोटी वेदी, उदबत्ती, आणि ठरावीक वेळी गिऱ्हाइकांसकट सूत्रपठण. हृदयसूत्र लागलं तर शेवटाकडे कान द्या. 'ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई' ऐकू येईल, ते 'गते गते पारगते' आहे. अख्ख्या बारमध्ये त्या ओळीचा संस्कृत अर्थ उमगणारे बहुधा तुम्हीच असाल. पठण चालू असताना ग्लास उचलू नका, टाळ्या वाजवू नका, फोन काढू नका. हा विनोदी कार्यक्रम समजून गेलेल्यांची इथे फजिती होते. मंडळी खरोखर दीक्षा घेतलेले भिक्षू आहेत आणि कुणी मन मोकळं करू लागलं तर शांतपणे ऐकून घेतात. सातच्या सुमारास जा, उशिरा गर्दी होते.

गिंझ्यात रेल्वेवेड्यांसाठी गिंझा पॅनोरमा आहे. काउंटरच्या काचेपलीकडे शहर, डोंगर, बोगदे आणि त्यातून धावणाऱ्या छोट्या गाड्या. स्वतःची गाडी घेऊन येऊन चालवणारेही येतात. माप एन गेज: रुळांतलं अंतर 9 मिलिमीटर, प्रमाण जपानी साध्या गाड्यांना 1:150 आणि शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, 1:160. खरा जपानी साधा रूळ 1,067 मिलिमीटरचा, तो 1:150 ने सातच्या आसपास यायला हवा. म्हणजे मॉडेलमधला रूळ दोन मिलिमीटर जास्त रुंद आहे आणि जाणकार यावर तासभर भांडू शकतात. विषय काढून बघा.

बारमध्ये रेल्वे चालवण्यातली मेख विजेत आहे. गाडीला 12 व्होल्ट डीसी मिळते ती रुळांतून, चाकांमार्फत. रुळावर बिअरचा शिंतोडा सुकला, धूर बसला किंवा चिवड्याच्या बोटांचा तेलकट ठसा उमटला की संपर्क तुटतो आणि गाडी गचके खात थांबते. आपली गाडी आणणाऱ्याने आधी चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणावीत. रुळाला हात लावू नका आणि थांबलेली गाडी बोटाने ढकलू नका, आतल्या गिअरचे दात जातात.

ऐकण्याच्या बारचा प्रकार टोकियोत वेगळा आणि जुना आहे. महायुद्धापूर्वी आयात केलेल्या जॅझच्या तबकड्या सामान्य माणसाला परवडत नसत, म्हणून कॉफीच्या एका कपात त्या ऐकवणारी दुकानं निघाली. योकोहामातलं चिगुसा 1933 सालचं. एबिसूतला बार मार्था त्याच वंशातला म्हणता येईल. काउंटरमागे तबकड्यांच्या रांगा, प्रचंड स्पीकर, मंद उजेड. मोठ्याने बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आवाज चढला तर सरळ येऊन सांगतात, दुसऱ्यांदा चढला तर बाहेरचा रस्ता दाखवू शकतात. लोक याला उर्मटपणा म्हणतात. आमच्या मते नियम दारातच सांगितलेला असताना तो मोडणारा उर्मट. सहकाऱ्यांच्या गप्पांच्या बैठकीसाठी ही जागा नव्हे. एकटं जा, किंवा गप्प बसण्याइतकी जुनी मैत्री असेल त्याच्याबरोबर.

पश्चिम शिंजुकूतल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर बेन फिडिक आहे, 2013 पासून. चालवणारे हिरोयासु कायामा. त्यांच्या आडनावाची चित्राक्षरं म्हणजे हरीण आणि डोंगर. गेलिक भाषेत बेन म्हणजे डोंगर, फिडिक म्हणजे हरीण. आडनावाचं भाषांतर करून बार काढला. जागेची थीम म्हणाल तर जुन्या काळच्या वैद्याचं दुकान: काचेच्या बरण्या, मुळ्या, साली, आणि खलबत्त्यात तुमच्यासमोर कुटलेली पानं, त्यातली काही त्यांच्या सायतामातल्या शेतातली. मेन्यू नसतो. म्हणून तीन गोष्टी ठरवून जा: कुठलं मद्य पायाला हवं, आंबट हवं की कडवट, आणि काय अजिबात नको. 'काहीतरी छान द्या' म्हटलं की त्यांचाही वेळ जातो आणि तुमचाही. इथला एक ग्लास गोल्डन गाईतल्या दोनांच्या किमतीला जातो, म्हणून रात्रीची सुरुवात इथे करा, शेवट नको. चौथ्या ग्लासाला नागदवण्याचा कडवटपणा आणि लिंबू यांतला फरक जिभेला कळत नाही.

मुलं बरोबर असतील तर बार बाद, पण जाऊओ नावाचं उपाहारगृह आहे. पाण्याच्या हौदावर बोट बांधलेली, गळ टाकून मासा तुम्ही धरायचा आणि स्वयंपाकघर तो करून देतं. स्वतः धरलेला मासा मागवलेल्यापेक्षा स्वस्त पडतो. धरलेला परत सोडता येत नाही, पैसे द्यावेच लागतात. दोघांनी हौसेने ताई नावाचा मोठा मासा धरला की अर्धा कच्चा, अर्धा मीठ लावून भाजलेला आणि काट्यांचं सूप, असं संपवताना दमछाक होते. कोकणातल्या माणसाला हौदात गळ टाकणं पोरखेळ वाटेल. आहेच तो.

वाट, दलाल आणि शेवटची गाडी

गोल्डन गाईला जायला शिंजुकू-सानचोमे स्टेशनचा ई1 दरवाजा सर्वांत सोयीचा, हानाझोनो देऊळ तिथेच. मुख्य शिंजुकू स्टेशनच्या पूर्व दरवाज्यातून आलात तर काबुकिचोच्या कडेने जावं लागतं आणि तिथे दलाल भेटतात. 'एक तास, तीन हजार, पाहिजे तेवढं प्या' असं इंग्रजीत म्हणणारा हसरा माणूस. त्याच्यामागे गेल्यावर बिलात बर्फ, सेवा, आठवड्याचा शेवट, अशी नवनवी कलमं उगवतात आणि आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. या प्रकाराला बोत्ताकुरी म्हणतात आणि रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकातून त्याविरुद्ध इशारे चालू असतात. ओळखायची खूण सोपी आहे: सात स्टुलांच्या बारमालकाला माणूस रस्त्यावर उभा करणं परवडत नाही. जो बोलावतोय त्याच्याकडे जायचं नाही. अडकलातच तर सही करू नका, कार्ड देऊ नका, पोलिस चौकीत जाऊन बोलू म्हणा. चौकीला कोबान म्हणतात आणि या भागात ती कधी फार लांब नसते.

वार निवडताना मंगळवार ते गुरुवार उत्तम. शुक्रवारी-शनिवारी गल्ल्या तुंबतात, रविवारी बरेच बार बंद. आठच्या आधी निम्मी दारं उघडलेलीच नसतात. नोव्हेंबरात हानाझोनो देवळात तोरि नो इचिची जत्रा भरते, त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. जत्रा बघायची तर बघा, बार दुसऱ्या दिवशी.

शेवटच्या गाडीला शूदेन म्हणतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी मंडळींचा इथेच घोटाळा होतो. शिंजुकूहून बाराच्या पुढेही गाड्या दिसतात, म्हणून माणूस निर्धास्त बसतो. पण कुदानशिताला उतरून तोझाई मार्गिकेची गाडी पकडायची असते आणि तिकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. वेळ बघताना शिंजुकूची शेवटची गाडी बघू नका, निशी-कासाईला पोचणारी शेवटची जोडी बघा, आणि तिच्या वीस मिनिटं आधी बिल मागा. चुकली तर टॅक्सी: पहिल्या साधारण एका किलोमीटरला 500 येन, आणि रात्री दहा ते पहाटे पाच 20 टक्के जास्त. निशी-कासाईपर्यंत आठ हजारांच्या आसपास, म्हणजे आणखी चार बारचे पैसे. सायकलने आलात म्हणून सुटका नाही, पिऊन सायकल चालवणं हाही तिथे गुन्हा आहे. बाकी पहिली गाडी पहाटे साडेचार-पाचला सुटते आणि गोल्डन गाईतले काही बार तोवर उघडे असतात, फक्त दर तासाला ग्लास मागवत राहावं लागतं.